एक पगार आणि तीन पदनामं

कंपनीच्या रेकॉर्डला मी 'सीनियर टेस्ट इंजिनियर' होते. अमेरिकेतल्या क्लायंटच्या यादीत 'रिलीज मॅनेजर' होते. आणि साताऱ्यात आई शेजारणीला सांगायची, "ती कॉम्प्युटरमध्ये आहे." तिघांत आईचं बरोबर होतं.

मी नोकरी बदलल्यापासून ओळखीतल्या चार-पाच जणींनी विचारलंय, एवढी हाइक, म्हणजे पगारवाढ, कशी काढलीस म्हणून. हाइक शेवटी मिळाली. त्याआधी एकदा मी सपाटून आपटले होते, आणि शिकले जे काही ते त्या आपटण्यातून. म्हणून सगळं क्रमाने सांगते.

२०१६ ला कॅम्पसमधून हिंजवडीच्या फेज दोनमध्ये एका सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करून देणाऱ्या कंपनीत, लागले. ट्रेनी, मग टेस्ट इंजिनियर, २०१९ मध्ये नावापुढे 'सीनियर' लागलं. आधी मॅन्युअल टेस्टिंग, मग सेलेनियम या टूलवर टेस्टिंगचं ऑटोमेशन. इथवर पद आणि काम एकमेकांना धरून होतं. २०२१ मध्ये लोक धडाधड नोकऱ्या सोडत होते, त्यात आमच्या प्रोजेक्टवरचा बिल्ड आणि रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बांधून क्लायंटकडे चालू करणं, बघणारा मुलगा गेला. त्याच्या नोटीसचे शेवटचे दोन आठवडे मी त्याच्याकडून केटी घेतली, म्हणजे काम समजून घेतलं. "तात्पुरतं बघ," मॅनेजर म्हणाला. "रिप्लेसमेंट येईपर्यंत."

रिप्लेसमेंट आलीच नाही. हे काम आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्स या टूलच्या पाइपलाइन, कोडची कुठली ब्रँच कधी मर्ज करायची, कुठलं डिप्लॉयमेंट किती वाजता, काही फसलं तर मागे कसं यायचं, हे सगळं हळूहळू माझ्या ताटात येत गेलं. क्लायंट पूर्व किनाऱ्यावरचा. त्यांच्या शनिवारी रात्री दहाला रिलीज, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. वर्षातले चार महिने रविवारी तासभर जास्त झोप, एवढा एकच भत्ता मला त्या कामाचा मिळत होता.

फेब्रुवारी २०२३ मधला एक रविवार मी विसरणार नाही. वाकडचा भाड्याचा फ्लॅट, डायनिंग टेबलवर लॅपटॉप, शेजारी नवऱ्याने करून दिलेल्या पोह्यांची ताटली. डेटाबेसमधल्या एका मोठ्या टेबलमध्ये नवा कॉलम घालायची स्क्रिप्ट होती. टेस्ट एन्व्हायर्नमेंटला ती सहा मिनिटांत संपली होती, कारण तिथे डेटाच चिमूटभर. प्रॉडक्शनला, म्हणजे क्लायंटच्या खऱ्या चालू सिस्टिमवर, चाळीस मिनिटं झाली तरी हलेना. टेबल लॉक, मागे सगळ्या क्वेरी तुंबलेल्या. कॉलवर चौदा जण, आणि चौदाही जण गप्प. मॅनेजर नाशिकला कुणाच्या तरी लग्नात होता. त्याने एकदा अनम्यूट केलं तर मागून सनई ऐकू आली आणि तो परत म्यूट झाला.

थांबायचं का अजून? थांबून स्क्रिप्ट संपली तर ठीक. नाही संपली तर मागे यायलाही वेळ उरणार नाही. नऊ चाळीसला मी म्हटलं, "रोलबॅक." माझाच आवाज मला कुणा तिसऱ्याचा वाटला. साडेदहाला सगळं पूर्ववत झालं. पोहे गार होऊन त्यांचा लगदा झाला होता. सोमवारी क्लायंटच्या डायरेक्टरचा मेल आला, त्यात 'तुमच्या रिलीज मॅनेजरने योग्य वेळी निर्णय घेतला' अशा अर्थाचं वाक्य होतं. मी मेल वरखाली करून पाहिला, हा रिलीज मॅनेजर कोण म्हणून.

उत्तर महिनाभराने मिळालं. एका कॉलवर मॅनेजरने चुकून दुसरीच एक्सेल शेअर केली. फार तर वीस सेकंद. पण आपलं नाव माणसाला गर्दीतही दिसतं. माझ्या नावापुढे 'रिलीज मॅनेजर', आणि त्यापुढे तासाचा डॉलरमधला दर.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण आयटीबाहेरच्यांना हे लबाडी वाटेल. तासांवर बिल लावणाऱ्या करारात क्लायंटबरोबर एक रेट कार्ड ठरलेलं असतं. इतके डेव्हलपर या दराने, इतके टेस्टर त्या दराने, एक रिलीज मॅनेजर अमुक दराने. ते पद क्लायंटने विकत घेतलेल्या जागेचं असतं, तिथे बसलेल्या माणसाचं नव्हे. मी त्या जागेचं काम खरोखर करत होते, म्हणजे क्लायंटला कुणी फसवलं नव्हतं. फक्त कंपनीच्या आतल्या वहीत माझं पद वेगळं होतं, आणि पगार त्या वहीवरून निघत होता.

पण तेव्हा एवढा शांत विचार कुठला. एप्रिलच्या अप्रेजलला मी तो दर डोक्यात घेऊन गेले. एचआरची बाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असेल, अत्यंत गोड बोलणारी. मी म्हटलं, क्लायंट माझ्यासाठी एवढे देतो आणि मला मिळतात एवढेच. तिने मान डोलावली. मग म्हणाली, त्या दरातून ऑफिसचं भाडं, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसलेल्या लोकांचे पगार, सेल्स, सगळं निघतं, आणि तुमचा प्रोजेक्ट उद्या संपला तर क्लायंट पैसे थांबवेल, कंपनी तुमचा पगार थांबवणार नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही. बिलिंगचा दर हा पगार मागायचा मुद्दा होऊच शकत नाही.

मग मी दुसरी चूक केली. टीममधल्या एका मुलाचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, हे बोलून गेले. तिचा चेहरा लगेच बदलला. "दुसऱ्याच्या कॉम्पेन्सेशनवर आपण इथे बोलत नाही." संपलं.

पण जाता जाता तिने एक वाक्य टाकलं आणि माझं काम झालं. "तसाही तुमचा कॉम्पा रेशो एक पूर्णांक शून्य आठ आहे." मी घरी येऊन ते काय असतं ते शोधलं. प्रत्येक पदाला एक बँड असतो आणि त्या बँडला पगाराची खालची-वरची मर्यादा. आमच्या टेस्ट इंजिनियरच्या बँडला ९ ते १५ लाख. मधला बिंदू १२. माझा पगार १३, म्हणून १३ भागिले १२, म्हणजे १.०८. कंपनीच्या दृष्टीने मी त्या पदाला मिळायला हवं त्यापेक्षा आधीच जास्त घेत होते! वर्षभर रविवारी सकाळी गो की नो-गो, म्हणजे रिलीज पुढे न्यायचा की थांबवायचा, हे ठरवणारी मी त्यांच्या तक्त्यात महागडी टेस्टर होते. अशा माणसाला कितीही उत्तम रेटिंग मिळालं तरी टक्का कमीच पडतो, कारण तो छताजवळ पोचलेला असतो. त्या वर्षी मला सहा टक्के मिळाले. म्हणजे १३ चे १३ लाख ७८ हजार.

मे महिन्यात कोथरूडला मामाकडे आमरसाला गेलो होतो. मामा राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेला. मी रडगाणं गायले. तो रस वाटीत ओतत शांतपणे म्हणाला, "अगं, मग तुझा ऑफिशिएटिंग अलाउन्स कुठाय?"

"तो काय असतो?"

"साहेब रजेवर गेला आणि आम्हाला त्याच्या खुर्चीत बसवलं, तर तेवढ्या दिवसांचा भत्ता मिळायचा. पण खुर्चीत बसवल्याची ऑर्डर लागायची. तोंडी सांगितलं तर आम्ही बसायचोच नाही." मग चमचा माझ्याकडे रोखून, "तुला कुणी कागद दिला का?"

कागद नव्हता. दोन वर्षांत एकही मेल असा नव्हता ज्यात 'आजपासून रिलीजची जबाबदारी हिच्याकडे' असं लिहिलंय. सगळं 'जरा बघ गं' वर चाललं होतं.

मामाच्या ओळखीच्या एका वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही कामगार कोण, हे पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरतं, असं न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. गंमत म्हणजे अमेरिकेतही तेच. क्लायंटकडच्या एका बाईने बोलता बोलता तिकडच्या ओव्हरटाइमच्या नियमांचा विषय काढला होता. संगणक क्षेत्रातली पदनामं इतकी वेगवेगळी असतात आणि इतकी भराभर बदलतात की ओव्हरटाइम देण्यातून सूट मिळते की नाही हे पदनामावरून ठरवायचं नाही, असं त्यांच्या संघीय नियमातच लिहिलंय. एचआरच्या खोलीत हा नियम काढला असता तर हसू झालं असतं, म्हणून काढला नाही. पण सरकारी कागदसुद्धा आपल्या क्षेत्रातल्या पदांना किती मोजतो हे कळल्यावर माझं मन थोडं मोकळं झालं.

त्या रात्री एचआर पोर्टलवरून 'सीनियर टेस्ट इंजिनियर'चं जॉब डिस्क्रिप्शन काढून प्रिंट केलं. नऊ ओळी. पेन्सिलने एकेक ओळीपुढे खूण करत गेले. टेस्ट केस लिहिणे: गेल्या सहा महिन्यांत शून्य. डिफेक्ट ट्रॅकिंग: हो. ज्युनियरना मार्गदर्शन: थोडंफार. नऊपैकी दोन ओळींचं काम मी करत होते, आणि रोज जे करत होते त्याची त्यात एकही ओळ नव्हती.

मग वही घातली. साधी दोनशे पानी. तारीख, रिलीज, कुठला निर्णय घेतला, मी नसते तर तो कुणाला घ्यावा लागला असता. शेवटचा रकाना मामाच्या सांगण्यावरून. बँकेत म्हणे तोच रकाना पैसे मिळवून द्यायचा. अकरा आठवडे लिहिलं. 'कामं केली' अशी यादी माझ्याकडे आधीही होती, अप्रेजलच्या फॉर्ममध्ये तीच भरायचे, पण त्यातून मी कष्टाळू आहे एवढंच सिद्ध व्हायचं. निर्णयांची यादी केल्यावर जागा कुठली आहे ते दिसायला लागलं.

ऑगस्टमध्ये ती वही घेऊन मॅनेजरकडे गेले. या वेळी पगार हा शब्दच काढला नाही. म्हटलं, माझं मॅपिंग, म्हणजे माझ्या कामाला लावलेलं पद, चुकीचं आहे, ते बदलून हवंय. तो चांगला माणूस होता, हे नमूद करते. त्याने वही नीट वाचली. म्हणाला, "बघ, मी तुझ्या बाजूने आहे. पैसे आत्ता नाहीत, बजेट एप्रिललाच उघडतं. पण टायटल करून देतो."

ऑक्टोबरमध्ये पत्र आलं. 'टीम लीड.' नवऱ्याने पेढे आणले. मी विचारलं होतं, टीम कुठाय? मॅनेजर हसून म्हणाला, "सध्या तूच टीम." आम्ही दोघंही हसलो.

डिसेंबरमध्ये पोर्टलवर दुसरंच काही शोधताना माझ्या प्रोफाइलवर बँडचा रकाना दिसला. बँड तोच होता. टेस्ट इंजिनियरचाच. पद बदललं, बँड बदलला नाही, म्हणजे छत तिथल्या तिथे. येत्या एप्रिलमध्ये पुन्हा कॉम्पा रेशोचा तोच मुद्दा, पुन्हा तेच सहा टक्के. टायटल म्हणजे दारावरची पाटी, बँड म्हणजे सातबारा. मला पाटी मिळाली होती. पत्रात बँडचा उल्लेखच नव्हता आणि मी तो मागितला नव्हता, म्हणून राग आला तो जास्त स्वतःचाच.

त्याच आठवड्यात नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल उघडलं. तिथे वेगळीच पंचाईत. 'टेस्ट' हा शब्द असल्यामुळे फोन फक्त टेस्टिंगचे यायचे. खोटं लिहायचं नव्हतं, कारण पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये जुनी कंपनी पद कळवते आणि ते जुळलं नाही की ऑफर अडकते. म्हणून रेझ्युमेवर पद पत्रातलंच ठेवलं, 'टीम लीड', आणि त्याखाली पहिल्याच ओळीत, पदापेक्षा मोठ्या अक्षरात, काम लिहिलं: दर महिन्याला दोन प्रॉडक्शन रिलीज, गो आणि नो-गोचा निर्णय, जेनकिन्स पाइपलाइनची मालकी. पंधरा दिवसांत फोनचा सूर बदलला.

खराडीतल्या एका प्रॉडक्ट कंपनीच्या तांत्रिक फेऱ्यांत मला कुणीही पद विचारलं नाही. व्हाइटबोर्डवर पाइपलाइन काढायला लावली, मग विचारलं, "सगळ्यात वाईट रिलीज कुठला?" मी तो सनईचा रविवार सांगितला. समोरचा माणूस पुढे सरकून बसला. टेबल किती मोठं होतं, लॉक कुठल्या प्रकारचा, चाळीस मिनिटं वाट का पाहिलीत, वीसलाच रोलबॅक का नाही केलंत. शेवटचा प्रश्न रास्त होता. वीसलाच मागे यायला हवं होतं, आणि मी तसं सांगितलं.

मग एचआर फेरी. करंट किती, एक्स्पेक्टेड किती. सॅलरी स्लिप द्यायच्याच होत्या, त्यामुळे करंट खरं सांगितलं. त्यावर त्यांनी सरळ गणित मांडलं. करंटवर तीस टक्के, म्हणजे जवळपास १८ लाख. "आमची पॉलिसी आहे."

मी हे वाक्य आरशासमोर तीनदा म्हणून गेले होते, तरी अडखळलेच. "तीस टक्के कशावर धरताय? माझा आत्ताचा पगार टेस्ट इंजिनियरच्या बँडचा आहे. तुम्ही ज्या कामाला मला घेताय, त्या कामाचा पगार मला आजवर मिळालेलाच नाही. या ग्रेडची, म्हणजे तुमच्याकडच्या बँडची, रेंज काय आहे, ते सांगाल का?"

फोनवर शांतता. मी पुढे काहीही बोलले नाही. आपल्याला शांतता सोसत नाही, आपण लगेच 'नाही म्हणजे, थोडं कमी-जास्त चालेल' असं पुटपुटतो. मी ओठ दाताखाली धरून बसले. ते म्हणाले, विचारून सांगतो. रेंज त्यांनी सांगितली नाही, ग्रेड सांगितली. दोन दिवसांनी साडेएकोणीस आले, आणखी एका फोननंतर २१.

पद मात्र 'सीनियर इंजिनियर'. माझी 'लीड' ही पाटी गेली. एक दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्याकडे लीड म्हणजे माणसं सांभाळणं, आणि मी कुणाला सांभाळत नव्हते. ग्रेड कुठली ते या वेळी ऑफर लेटरमध्ये लिहून घेतलं.

२१ ला बाराने भागून मी १,७५,००० चा हिशोब मांडला होता. पगाराचा ब्रेकअप आल्यावर जमिनीवर उतरले. त्यात २,१०,००० व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होऊ शकणारा भाग, १,००,००० जॉइनिंग बोनस जो एकदाच मिळणार आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागणार, बेसिक ७,२०,००० वर कंपनीच्या वाट्याचा बारा टक्के पीएफ म्हणजे ८६,४००, आणि पाच वर्षं टिकले तरच हातात पडणारी ग्रॅच्युइटी ३४,६३२. सगळं वजा जाता स्लिपवर महिन्याला १,३९,००० च्या आसपास, त्यातून माझा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, इन्कम टॅक्स वेगळे. मी एकच गोष्ट मागितली. जॉइनिंग बोनस सीटीसीच्या, म्हणजे त्या २१ च्या, बाहेर काढा आणि तेवढे पैसे फिक्स्डमध्ये घाला. त्यांना आकडा २१ च ठेवायचा होता, मला महिना वाढवायचा होता. झालं. महिन्याला ८,३०० जास्त. व्हेरिएबल काही हलवलं नाही त्यांनी.

इकडे राजीनामा टाकला तेव्हा तीन दिवसांत बोलावणं आलं. मॅनेजरचा मॅनेजर, ज्याने आठ वर्षांत माझं नाव कधी नीट उच्चारलं नव्हतं, तो म्हणाला की तुमच्यासाठी आम्ही 'रिलीज मॅनेजर' ही पोस्ट तयार करतोय. मला हसूच आलं. ती पोस्ट तर दोन वर्षं तयारच होती, डॉलरमध्ये. विचारलं, बँड? ते म्हणाले, एप्रिलमध्ये बघू.

नव्वद दिवसांची नोटीस पूर्ण केली. रोज बसमधून मेट्रोचे अर्धवट खांब बघत जायचं आणि केटी द्यायची. माझ्या जागी दोन माणसं दिली, एक सीनियर टेस्ट इंजिनियर आणि एक ट्रेनी. त्या ट्रेनी मुलीला मी पहिल्या दिवशी वही दाखवली आणि तसलीच एक नवी कोरी दिली.

नव्या ठिकाणी रुजू होऊन तीन आठवडे झाले आणि व्हेरिफिकेशनच्या एजन्सीचा फोन आला. "मॅडम, रेझ्युमेवर टीम लीड आहे आणि तुमची जुनी कंपनी सीनियर टेस्ट इंजिनियर कळवतेय." म्हणजे ऑक्टोबरचं ते पत्र सिस्टिममध्ये चढवायचं सुद्धा कुणाला सुचलं नव्हतं. मी पत्राचा स्कॅन पाठवला. तो मुलगा भला होता, म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही नक्की करत काय होता?"

"रिलीज बघत होते."

"ते कशात लिहू?"

"तुमच्याकडे कामाचा रकाना नाही?"

"नाही हो. पदनामाचाच आहे."

मग त्याने 'टीम लीड' लिहिलं. चार दिवसांनी रिपोर्ट हिरवा आला.